केकी मूस: घराबाहेर न पडता जग टिपणारा चाळीसगावचा फोटोग्राफर

चांगला फोटो काढायचा म्हटलं की आपल्या डोक्यात पहिला विचार येतो तो प्रवासाचा. मनालीचा बर्फ, कोकणातला समुद्र, नाहीतर निदान पावसाळ्यातला पाटणादेवीचा डोंगर. त्यानंतरचा विचार नव्या फोनचा. आज मी ज्या माणसाबद्दल लिहितोय त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणजे प्रवास त्याने तरुणपणी केला होता, पण नंतरची जवळजवळ पन्नास वर्षं तो जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावात, स्वतःच्या दगडी घरात राहिला आणि तिथेच काम करत राहिला. बर्फ, वादळ, समुद्र, वाळवंट हे सगळं त्याने एका टेबलावर उभं केलं आणि त्याचे फोटो काढले.

त्याचं नाव केकी मूस.

मी धुळ्याचा. धुळे-चाळीसगाव गाडीने प्रवास करणाऱ्या खान्देशातल्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं असतं. पण ऐकलेलं असतं ते एका प्रेमकथेमुळे. ती गोष्ट खाली येईलच. मला आधी सांगायचंय ते त्यांच्या टेबलाबद्दल, कारण तंत्र म्हणून पाहिलं तर खरी कमाल तिथे आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मलबार हिल ते चाळीसगाव

कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा, मुंबईत मलबार हिलला, एका पारशी कुटुंबात. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' यायला अजून काही महिने बाकी होते, म्हणजे आपल्याकडे पूर्ण लांबीचा कथापट अजून जन्माला यायचा होता. मूस यांनी मुंबईच्या विल्सन कॉलेजमधून पदवी घेतली. पुढे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या बेनेट कॉलेजची कमर्शियल आर्टची पदविका मिळवली. फोटोग्राफी हा त्या अभ्यासक्रमातला एक विषय होता. त्यांच्या चरित्रांमध्ये जपान, अमेरिका, रशिया आणि स्वित्झर्लंडच्या प्रवासाचाही उल्लेख येतो. तिथली प्रदर्शनं पाहायची, लोक काय करतात ते समजून घ्यायचं, यासाठी तो प्रवास होता.

१९३८ मध्ये ते चाळीसगावला आले. घरच्यांचं बस्तान तिथेच होतं. तेव्हा जळगाव जिल्हा नव्हता, पूर्व खान्देश होता. चाळीसगाव म्हणजे मुंबई-भुसावळ लाइनवरचं जंक्शन, जिथून धुळ्याला गाडी फुटते. मुंबईत शिकलेला, चित्रकलेची आणि कॅमेऱ्याची पदविका असलेला सव्वीस वर्षांचा तरुण मुंबईत स्टुडिओ टाकेल असंच कुणालाही वाटलं असतं. मूस यांनी तसं केलं नाही. ते चाळीसगावच्या घरात राहिले ते कायमचेच. एवढ्या वर्षांत ते गावाबाहेर फक्त दोनदा पडले असं गावात सांगितलं जातं. आकडा दोन असो की चार, मुद्दा बदलत नाही: बाहेरचं जग हा त्यांचा विषय उरला नव्हता, निदान पायी जाऊन गाठायचा तरी नाही.

घरात ते नुसते फोटो काढत नव्हते. चित्रं काढायचे, मातीची शिल्पं करायचे, लाकूड कोरायचे, कागदाच्या घड्या घालून ओरिगामी करायचे, जुन्या वस्तू जमवायचे. संगीताचंही वेड होतं. हे सगळं मुद्दाम सांगतोय, कारण टेबलटॉप फोटोग्राफीला नेमकं हेच सगळं लागतं.

टेबलटॉप म्हणजे नक्की काय

टेबलटॉप फोटोग्राफी म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला ते खरं दृश्य वाटावं. एखादी वाळकी काटकी म्हणजे निष्पर्ण झाड. पांढरी पूड म्हणजे बर्फ. कागदाची घडी म्हणजे डोंगर. मागे एक दिवा म्हणजे मावळता सूर्य. यात एडिटिंग नाही, फिल्टर नाही. फिल्मवर जे आलं तेच फोटोत.

मूस यांची ओळख झाली ती या प्रकारामुळे. त्यांनी घरातल्याच साध्या वस्तूंमधून अशी शेकडो दृश्यं रचली. देशा-परदेशातल्या स्पर्धांमध्ये त्यांना बक्षिसं मिळाली. त्यांचा आकडा तीनशेच्या आसपास सांगितला जातो. परीक्षक लांब कुठेतरी बसलेले, फोटो टपालाने गेलेला, आणि काढणारा माणूस मात्र चाळीसगावच्या घरातून हललेलाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, आज आपण एआयला सांगितलं तर दहा सेकंदांत बर्फाळ डोंगर येतो. येतो, खरंय. पण टेबलावर तो डोंगर पटण्यासारखा करायचा तर प्रकाश, अंतर आणि आकार यांचं गणित स्वतःला कळावं लागतं. हे गणित किती अवघड आहे ते मला वाचून कळलं नाही. एका जुन्या रशियन कॅमेऱ्याने शिकवलं.

माझ्या टेबलावरचा रशियन 'हौशी'

आधीच स्पष्ट करतो: हा कॅमेरा मूस यांचा नाही, माझा आहे. धुळ्यात एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता, तिथून मी तो घेतला. नाव लुबितेल-२. रशियन भाषेत लुबितेल म्हणजे हौशी माणूस. लेनिनग्राडच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) कारखान्यात हा कॅमेरा १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० पर्यंत बनत होता आणि वीस लाखांहून जास्त नग तयार झाले. मूळ रचना जर्मन कंपनी फोक्टलेंडरच्या 'ब्रिलियंट' कॅमेऱ्यावरून उचललेली. अंग बॅकेलाइटचं, म्हणजे जुन्या काळ्या टेलिफोनचं असायचं तसलं कडक प्लास्टिक.

समोरून पाहिलं तर एकावर एक अशी दोन भिंगं दिसतात. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्या भिंगातून फिल्मवर फोटो उमटतो. कॅमेरा छातीशी धरायचा आणि वरून खाली, झाकण उघडून आत बघायचं. चित्र सरळ दिसतं, पण डावं-उजवं उलटं. फोन डावीकडे वळवायची सवय असलेल्या हाताला हे पचायला दोन दिवस लागतात.

यात पडते ती १२० नंबरची फिल्म. कोडॅकने ती १९०१ मध्ये आणली आणि आजही ती मिळते. सहा सेंटीमीटरच्या आसपास रुंदीची पट्टी, तिच्या मागे कागद. या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ चौकोनी फोटो येतात. प्रत्येक चौकट साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटर. या मापालाच मीडियम फॉरमॅट म्हणतात.

हे किती मोठं आहे ते बघा. ज्याची जाहिरात १/१.३ इंची सेन्सर म्हणून होते, त्या चांगल्या फोनमधला सेन्सर असतो सुमारे ९.८ बाय ७.३ मिलिमीटर. म्हणजे या साध्या, स्वस्तातल्या रशियन डब्यातली एक चौकट तुमच्या फोनच्या सेन्सरच्या चाळीसपटीहून मोठी. म्हणून जुने १२० चे निगेटिव्ह आज स्कॅन केले तरी भरपूर तपशील देतात.

आता तोच कॅमेरा टेबलासमोर ठेवू

मी जेवणाच्या टेबलावर बर्फातलं गाव मांडलं. तीन सेंटीमीटरचा माणूस, काटक्यांची झाडं, पुठ्ठ्याची झोपडी. आणि लगेच तीन अडचणी समोर आल्या. मूस यांनाही, कॅमेरा कुठलाही असो, याच अडचणींशी खेळावं लागलं असणार, कारण या अडचणी कंपनीच्या नाहीत, प्रकाशाच्या आहेत.

पहिली अडचण जवळ जाण्याची. लुबितेल जवळजवळ दीड मीटरच्या अलीकडे फोकस होत नाही. तेवढ्या लांबून तीन सेंटीमीटरचा माणूस चौकटीत ठिपका होतो. उपाय म्हणून भिंगासमोर क्लोज-अप काच लावायची. दोन डायॉप्टरची काच लावली की अनंतावर ठेवलेला फोकस अर्ध्या मीटरवर येतो. पण मग दुसरं लफडं सुरू होतं. बघायचं भिंग वर, फोटोचं भिंग खाली, दोघांत काही सेंटीमीटरचं अंतर. लांबच्या फोटोत हे कळतही नाही. टेबलावर मात्र वरच्या भिंगाला झोपडी दिसते आणि फिल्मवर टेबलाची कड येते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. मग आधी वरून बघून चौकट ठरवायची, नंतर तेवढंच अंतर मोजून कॅमेरा वर उचलायचा आणि न बघता बटण दाबायचं.

सोव्हिएत कारखान्यांनी याचं उत्तरही बनवलं होतं. १९५७ पासून कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात 'सॅल्यूत' नावाचा कॅमेरा बनू लागला, स्वीडनच्या हॅसलब्लाडच्या धर्तीवर. त्याची पुढची आवृत्ती कीव्ह-८८. यात भिंग एकच, आत आरसा. जे दिसतं तेच फिल्मवर. टेबलटॉपसाठी हा प्रकार कितीतरी सोयीचा. फक्त एक लक्षात ठेवा, कुणाच्या हाती असा कॅमेरा लागलाच तर शटरचा वेग बदलण्याआधी शटर भरून घ्यायचं. उलट केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

दुसरी अडचण आकाराची, आणि ही सगळ्यात मजेशीर. माझा माणूस तीन सेंटीमीटरचा, म्हणजे खऱ्या माणसापेक्षा पंचावन्नपट लहान. त्याच्या पायाशी मीठ पसरलं तर काय होईल? मिठाचा दाणा अर्ध्या मिलिमीटरचा धरला तर त्या छोट्या जगात तो अडीच-तीन सेंटीमीटरचा होतो. म्हणजे बर्फ नाही, गारांचा खच. मैदा पसरला तर दाणा दिसतच नाही, तिथे भुसभुशीत बर्फ वाटतो. मी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं, फरक लहान पोरालाही कळतो. पाण्याचं तर याहून वाईट. पाण्याचा थेंब लहान करता येत नाही, त्यामुळे छोट्या होडीभोवती खरं पाणी ठेवलं की लगेच खोटं दिसतं. त्याऐवजी चुरगळलेला चकचकीत कागद जास्त खरा वाटतो. आता मूस शिल्प, लाकूड, कागद या सगळ्यांत का रमत असतील याचा अंदाज येतो ना? टेबलटॉपवाल्या फोटोग्राफरला प्रत्येक वस्तूचा पोत हाताने माहीत असावा लागतो.

तिसरी अडचण फोकसच्या खोलीची. तिला वेगळी जागा द्यावी लागेल.

पोर्ट्रेट मोड इथे शत्रू आहे

आपल्याला मागचं धूसर करणारे फोटो आवडतात. पण विचार करा, तुम्ही खऱ्या गावाचा लांबून फोटो काढता तेव्हा झाड, घर, डोंगर सगळं स्पष्ट येतं. धूसरपणा येतो तो अगदी जवळच्या वस्तूचा फोटो काढताना. आपला मेंदू हे नकळत शिकलेला असतो. म्हणून टेबलावरच्या दृश्यात मागचं झाड धूसर झालं की मेंदू लगेच ओळखतो, हे खेळणं आहे. काही लोक खऱ्या शहराच्या फोटोत वर-खाली धूसर पट्टे टाकून ते खेळण्यासारखं दाखवतात, तो याच नियमाचा उलटा वापर.

म्हणजे टेबलटॉप पटवायचं तर पुढून मागेपर्यंत सगळं स्पष्ट हवं. मोठ्या फिल्मवर हे फार महाग पडतं. फोनचं एफ/१.८ चं भिंग, फोकसच्या खोलीच्या बाबतीत, माझ्या लुबितेलच्या साधारण एफ/१२ सारखं वागतं. सेन्सर लहान असल्याचा हा फायदा तुम्हाला फुकट मिळतो. लुबितेलवर त्याहून जास्त खोली हवी म्हणून मी भिंगाचं छिद्र पार एफ/२२ पर्यंत बारीक केलं. छिद्र बारीक म्हणजे उजेड कमी. हिशोब असा: फोनने जो फोटो सेकंदाच्या साठाव्या भागात घेतला, तोच त्याच आयएसओच्या फिल्मवर एफ/२२ ला घ्यायचा तर सुमारे अडीच सेकंद लागतात. शिवाय एवढ्या मंद उजेडात फिल्म थोडी सुस्तावते, म्हणून आणखी वेळ द्यावा लागतो. तेवढा वेळ कॅमेरा, टेबल, काटकी, मैदा, काहीच हलता कामा नये. पंखा बंद. दार बंद. शेजारून ट्रक गेला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि फोटो कसा आला हे रोल धुतल्याशिवाय कळत नाही.

माझ्या रोलमधल्या १२ फोटोंना अख्खी रात्र लागली. फोनवर मी तेवढ्याच वेळात तीनशे काढले असते. पण त्या बारा वेळा मी दृश्याकडे जितकं टक लावून पाहिलं, तितकं त्या तीनशेंसाठी नक्कीच पाहिलं नसतं. मूस यांच्या आयुष्याकडे मी आता याच अंगाने बघतो. घरातून न हलणं हा लोकांना त्यांचा विक्षिप्तपणा वाटतो. टेबलासमोर बसून पाहिलं की ती कामाची गरजही वाटू लागते. या कामाला गर्दी चालत नाही, घाई चालत नाही, आणि अर्धवट मांडलेलं दृश्य रात्रभर तसंच राहील अशी स्वतःची जागा लागते.

खान्देशचा उन्हाळा आणि डार्करूम

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. काळी-पांढरी फिल्म धुण्यासाठी डेव्हलपरचं तापमान साधारण २० अंश सेल्सिअस धरलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि दुपारी नळाचं पाणीही चांगलंच कोमट असतं. पाणी गरम असलं की डेव्हलपर भराभर काम करतो, निगेटिव्हमधला काळा भाग गच्च होतो, आणि फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो, नख लागलं तरी सोलतो. मग बर्फाच्या लादीचे तुकडे घेऊन भांड्याभोवती ठेवायचे, नाहीतर काम रात्रीवर ढकलायचं. मी रात्रच निवडली.

मूस हेही रात्रीचे माणूस होते, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. ते कुठल्या कारणाने, याची बरीच रसभरित उत्तरं गावात मिळतील. खान्देशात राहून फिल्म धुतलेल्या माणसाला त्यात एक साधं कारणही दिसतं: रात्री गार असतं, अंधार आयता मिळतो आणि धूळ खाली बसलेली असते.

घराचं नाव रेम्ब्राँट

मूस यांनी आपल्या घराला 'रेम्ब्राँट्स रिट्रीट' असं नाव दिलं होतं. रेम्ब्राँट हा सतराव्या शतकातला डच चित्रकार. त्याच्या चित्रांत बराचसा भाग काळोखात असतो आणि एका बाजूने आलेला उजेड चेहऱ्यावर थांबतो. फोटोग्राफीत आजही 'रेम्ब्राँट लायटिंग' हा शब्द आहे. दिवा एका बाजूला आणि थोडा वर ठेवला की अंधारातल्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा छोटा त्रिकोण पडतो. तुमच्या फोनच्या पोर्ट्रेट मोडमधले 'स्टुडिओ लाइट'वाले इफेक्ट अशाच जुन्या प्रकाशयोजनांची सॉफ्टवेअरने केलेली नक्कल असतात.

हे नाव नुसतं शोभेचं नव्हतं असं मला वाटतं. मूस यांनी व्यक्तिचित्रंही काढली. चेहरा असो की टेबलावरचं गाव, सूत्र एकच: उजेड एकाच दिशेने यायला हवा. आकाशात सूर्य एकच असतो. टेबलावर दोन दिवे लावले की प्रत्येक काटकीला दोन सावल्या पडतात आणि बनाव उघडा पडतो.

आणि ती गाडीची गोष्ट

आता ती प्रेमकथा. मुंबईत निलोफर नावाच्या मुलीवर मूस यांचं प्रेम होतं. ते चाळीसगावला निघाले तेव्हा आपण गाडीने येऊ असा शब्द तिने दिला. ती कधीच आली नाही. आणि मूस रोज रात्री त्या गाडीच्या वेळेला दारं-खिडक्या उघडून, दिवे लावून वाट पाहत राहिले. कुणी पंजाब मेल म्हणतं, कुणी कलकत्ता मेल. फुलांचा गुच्छ, दोघांचं ताट, असे तपशील सांगणाऱ्यागणिक वाढत जातात.

मी या गोष्टीची चेष्टा करणार नाही. एखाद्या माणसाने पन्नास वर्षं कुणाची वाट पाहिली असेल तर ते दुःख त्याचं आहे, आपण त्यावर रील बनवावी एवढं ते स्वस्त नाही. मला खटकतं ते वेगळंच. या गोष्टीने बाकी सगळं झाकून टाकलंय. मूस यांच्याबद्दल व्हिडिओ बघा, दहा मिनिटांतली नऊ गाडीवर जातात. उरलेल्या एका मिनिटात त्यांचे फोटो पार्श्वभूमीला सरकत असतात. ज्याने आयुष्यभर उजेडाचा कोन बोटाबोटाने मोजला, तो माणूस आपल्या लक्षात राहिला तो फक्त वाट बघणारा म्हणून. वाट बघत नुसतं बसलं म्हणून कुणाला स्पर्धांत बक्षिसं मिळत नाहीत. त्या रात्रींमध्ये प्रचंड काम झालेलं आहे.

१९८९ नंतर

३१ डिसेंबर १९८९ ला, वर्ष संपता-संपता, केकी मूस गेले. दोन वर्षांत सोव्हिएत युनियनही उरलं नाही आणि लुबितेल, कीव्ह हे कॅमेरे जगभरच्या जुन्या बाजारात सेकंडहँड माल म्हणून फिरू लागले. पुढच्या दहा-अकरा वर्षांत कॅमेरा असलेला मोबाइल बाजारात आला. म्हणजे मूस यांचं अख्खं आयुष्य फिल्मच्या काळातच सुरू झालं आणि त्यातच संपलं.

त्यांचं घर आज कलादालन आहे. कलामहर्षी म्हणून गाव त्यांना ओळखतं. चाळीसगाव स्टेशनपासून ते लांब नाही. तिथे फोटोंबरोबर चित्रं, शिल्पं, ओरिगामी, लाकूडकाम हे सगळं बघायला मिळतं. गेलात तर माझी एक विनंती आहे: फोटोसमोर उभं राहून फक्त दोन प्रश्न विचारा. उजेड कुठून येतोय? आणि कॅमेरा किती उंचीवर आहे? दहा फोटोंसमोर हे केलंत की तुमचे स्वतःचे फोटो बदलायला लागतील.

आणखी एक गोष्ट, आणि ही थोडी घाईची आहे. फिल्म कायमची टिकत नाही. गेल्या शतकातल्या बहुतेक निगेटिव्हचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. उष्णता आणि दमट हवेत तो कुजायला लागतो, व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, पट्टी आकसते आणि वरचा थर सुटतो. पावसाळ्यात बुरशी लागते ती वेगळीच. मोठ्या कलाकाराच्या मागे निदान एखादी संस्था उभी असते. तुमच्या आजोबांच्या लग्नाच्या निगेटिव्हमागे कुणीच नसतं. घरातल्या पेटीत, जुन्या पाकिटांत बघा. सापडलं तर कडेला धरून उचला, टॅबलेट किंवा लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनपासून थोडं वर, मध्ये बटर पेपर ठेवून धरा, फोनने सरळ वरून फोटो घ्या आणि कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये रंग उलटे करा. स्कॅनरइतकं चांगलं येणार नाही, पण काहीच नसण्यापेक्षा हजारपट बरं.

आज रात्री करून बघा

मूस यांचं तंत्र समजून घ्यायला रशियन कॅमेरा लागत नाही. फोन पुरतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे या एका कामात फोन मीडियम फॉरमॅटपेक्षा सोपा आहे.

१. टेबल भिंतीला लावा. भिंतीवर साधा, सुरकुत्या नसलेला कागद चिकटवा. तेच तुमचं आकाश.

२. तीन-चार सेंटीमीटरची एखादी आकृती घ्या. लहान भावाचं खेळणं चालेल. जमिनीसाठी मैदा किंवा चाळलेली माती घ्या, रवा आणि मीठ नको.

३. खोलीतले सगळे दिवे बंद करा. एकच टॉर्च लांबून, एका बाजूने लावा. सावली एकच पडली पाहिजे.

४. पोर्ट्रेट मोड बंद. फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खाली येईल आणि भिंग टेबलापासून तीनेक सेंटीमीटरवर असेल. त्या छोट्या माणसाच्या डोळ्यांची उंची तेवढीच आहे. वरून काढलेला फोटो खेळण्याचा दिसतो, डोळ्याच्या उंचीवरून काढलेला गावाचा.

५. फोन पुस्तकांना टेकवून ठेवा आणि टायमर लावा. हात लावू नका.

६. फक्त १२ फोटो काढा. तेरावा नाही.

बारा झाले की त्यातला एक निवडा आणि घरातल्या कुणाला तरी न सांगता दाखवा. हे कुठलं गाव, असं त्यांनी विचारलं तर समजा जमलं.